सात तोंडांचं तारण

मंगळवार, १२ मार्च

बुटक्या,

डबा वसुलीवाल्याच्या गाडीतच आहे, हे आज नक्की झालं. आमच्या खालच्या चावीवाल्यानं त्याला तो गाडीच्या डिकीत ठेवताना पाहिलं, आणि चावीवाला बाता मारणाऱ्यांतला नाही. "निळ्या झाकणाचा, तुमचाच," म्हणाला. "वर त्यानं जॅक आणि पाना ठेवला."

डबा कुठला, वसुलीवाला कुठला आणि ही बया तीन वर्षांनी पत्र कशाला लिहितेय, असं तुला झालं असेल. सांगते. त्याआधी एक गोष्ट. मी पैसे मागायला लिहीत नाही. हे वाक्य वाचून तू सुस्कारा टाकलास तरी चालेल, मला इथून ऐकू येत नाही.

लिहितेय ते एवढ्यासाठी की पुढचे काही दिवस अनोळखी नंबरचा फोन घेऊ नकोस. तू कामाला आहेस त्या गोदामात कोणी माझ्याबद्दल विचारलं तर तू मला ओळखत नाहीस. मी फोन का केला नाही? कर्ज देताना त्या लोकांनी "जरा द्या, नोंदणी करायचीय" म्हणून माझा मोबाइल घेतला आणि त्यातले झाडून सगळे नंबर उतरवून घेतले. आता ते एकेकाला फोन लावतात. दूधवाल्यालाही लावला. तुझा नंबर मी रागाच्या भरात कधीच पुसून टाकला होता, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पत्ता मावशीनं दिला. "मी दिला म्हणून सांगू नकोस" असं चारदा बजावून दिला, आणि मी पहिल्याच पानावर सांगून मोकळी झाले. तिच्यावर चिडू नकोस.

आता डबा. मी अजून कवळ्याच करते. चावीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतलीय, तू ती पाहिलेली नाहीस. खिडकीशी टेबल, कोपऱ्यात प्लास्टरचं पोतं, पाणी तापवायचं मोठं भांडं आणि पॉलिशची मोटर. गल्लीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवतात, मी त्यावर कवळी बसवून परत पाठवते. डब्यात तयार कवळ्या होत्या, सात माणसांच्या. प्रत्येक कवळी ओल्या कापसात, वेगळ्या पिशवीत, वर नाव. कवळी सुकली की आक्रसते, तापली की वाकते. केसभर वाकली तरी माणसाच्या हिरडीला फोड येतो. आणि ती गाडी दिवसभर उन्हात उभी असते. आज दुपारी मी जाता जाता तिच्या डिकीवर हात ठेवून आले. चटका बसला.

कर्ज काढलं कारण पॉलिशची मोटर जळाली. ती दुरुस्त होईपर्यंत काम बंद, काम बंद म्हणून भाडं थकलं, आणि वीजबिलाच्या मागच्या बाजूला लाल अक्षरांत वीज तोडायची जी ताकीद छापतात ती छापून आली. आधी बँकेतच गेले होते. काउंटरवरची मुलगी चांगली होती. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमचं स्वतःचं काहीच थकलेलं नाही, तरी स्कोअर एवढा खाली कसा?" मग स्क्रीनवर आणखी खाली जाऊन म्हणाली, "तुम्ही कोणाला जामीन राहिला होता का?"

मी म्हटलं, "भावाला. माल वाहायची गाडी घेतली होती त्यानं."

ती "हं" म्हणाली. मग मला पाणी हवंय का विचारलं.

तिथून मी ज्यांच्या पाटीवर 'स्कोअर कसाही असो' लिहिलंय त्यांच्याकडे गेले. दोन हप्ते चुकले आणि वसुलीवाला वर आला. जाड जाकीट घालतो, उन्हाळा असो वा नसो. आम्ही सगळे त्याला जाकीटच म्हणतो. मोटर उचलेल असं वाटलं होतं. त्यानं डबा उचलला. डबाच उचलायचं त्याला कसं सुचलं, कोण जाणे.

फोन घेऊ नकोस.

ताई


शुक्रवार, १५ मार्च

बुटक्या,

जाकीटनं कवळ्या विकायला काढल्या होत्या. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि त्यांना सांगितलं बाजारापलीकडच्या दातांच्या लॅबवाल्यानं, हसून हसून. जाकीट त्याच्या दुकानात गेला, डबा उघडून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "नवीन माल आहे. एकदम घेतलात तर कमी करतो." लॅबवाल्यानं त्याला समजावलं की बाबा, हे चप्पल-बूट नव्हेत, एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. जाकीटला ते पटेना. त्यानं म्हणे त्यातली एक काढून स्वतःच्या तोंडाला लावून पाहिली.

लॅबवाला हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मला समोर बसवून म्हणाल्या, "पेशंट माझ्याकडे बघतात, तुमच्याकडे नाही. मला तुमचं काम आवडतं. पण महिनाअखेरपर्यंत सातही पेशंटच्या तोंडात कवळ्या हव्यात. नाहीतर मी साचे तिकडे पाठवायला लागेन." म्हणजे त्याच हसणाऱ्याकडे. माझ्याकडचं बहुतेक सगळं काम त्यांचंच आहे. ते गेलं की खोली गेली, खोली गेली की मी कुठे, हे मला पुढे विचार करून बघवत नाही.

नव्यानं का करत नाहीस, असं तू विचारशील. साचे फोडूनच कवळी बाहेर काढावी लागते. पुन्हा करायची तर सातही म्हाताऱ्यांना पुन्हा खुर्चीत बसवून मापं घ्यायची, सामान पुन्हा आणायचं. सामानवाल्यानंही माझा स्कोअर विचारला परवा. त्याला काय करायचंय त्याच्याशी? पण विचारला.

आणि मागच्या पत्रात लिहिलं की त्याला डबाच कसा सुचला कोण जाणे. मला माहीत आहे कसा सुचला. तो आला तेव्हा खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "इथे आहे काय? पांढरी धूळ." मला ते लागलं. मी झाकण उघडून दाखवलं आणि म्हटलं, "या एका डब्याची किंमत तुझ्या गाडीएवढी आहे." आकडाही सांगितला. तो आकडा डॉक्टरीणबाई पेशंटकडून घेतात तो होता. मला त्यातला चतुर्थांशही मिळत नाही. पण माझ्या हातचं काम कोणीतरी धूळ म्हणतं तेव्हा मी माझा आकडा कसा सांगणार? त्यानं झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि म्हणाला, "मग हा घेऊन जातो. तुम्ही निवांत या."

काल मुख्याध्यापिका बाई वर आल्या. निवृत्त आहेत, जिना चढून धापा टाकत होत्या. डब्यातला एक संच त्यांचा आहे. दात नसल्यानं त्यांचे सगळे शब्द ओठांतून हवा जाऊन बाहेर येतात, पण दरारा तोच.

"किती दिवस झाले?" म्हणाल्या.

"पॉलिश बाकी आहे, बाई."

"पॉलिश! मला काय लग्नात मिरवायचंय? ह्यांची नजर गेलीय. रोज सकाळी मी पेपर वाचून दाखवते. परवापासून म्हणतात, कोण वाचतंय, हिला बोलवा. चाळीस वर्षं संसार केला आणि आता मी कोण, हेच त्यांना कळेना."

मी म्हटलं, सोमवारी देते. त्या उठल्या, दारात थांबून म्हणाल्या, "शाळेत तुझ्यासारखी मुलं शेवटच्या बाकावर बसायची. सोमवारी करतो, बाई."

बुटक्या, आता जिन्यावर पाऊल वाजलं की मी मोटर बंद करून श्वास रोखते. मग चावीवाला खालून ओरडतो, "पोस्टमन आहे!" त्याच्या लक्षात आलंय. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

तुझं उत्तर येईल असं मी धरलेलं नाही.

ताई


मंगळवार, १९ मार्च

बुटक्या,

तुझ्या गाडीच्या कर्जाची फाइल आता माझ्या कर्जवाल्यांकडे आहे. त्यांच्या साहेबानं काल ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. बँकेनं बुडीत खात्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा विकला आणि त्यानं घेतला. तुझा फोटो बघितला. दाढी नव्हती तेव्हा तुला.

मी आपणहून गेले होते. ते घरी येण्याची वाट बघण्यापेक्षा जाऊन येणं कमी भीतीचं, असं वाटलं. ते तसं नसतं. ऑफिस पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, आत गारवा. साहेब माझ्याच वयाचा, बोलणं मऊ, नखं स्वच्छ. त्याच्यामागच्या फळ्यांवर लोकांच्या वस्तू होत्या. शिवणयंत्र, पितळी भोंग्याचं वाद्य, छोट्या मुलाची सायकल. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. मधल्या फळीवर माझा डबा. निदान डिकीतून वर आला होता.

मी म्हटलं, "हप्त्याचं नंतर बोलू. आधी मला कापूस ओला करू द्या. सुकला असेल."

साहेब म्हणाला, "करा की. पाण्याला व्याज नाही."

जाकीट हसला. मी डबा खाली घेतला. कापूस कुरमुऱ्यासारखा कोरडा झाला होता. त्यांच्याच पाण्याच्या बाटलीनं मी एकेक पिशवी ओली करत बसले आणि जाकीट टेबलाशी उभा. त्यानं एक संच उचलला, वरचा-खालचा एकावर एक धरला आणि माझ्या तोंडासमोर कटकट वाजवत म्हणाला, "ताई, हप्ता द्या. ताई, हप्ता द्या." साहेबानं त्याला "पुरे" म्हटलं, पण जरा वेळानं म्हटलं. तो संच मुख्याध्यापिका बाईंचा होता. मी त्याकडे बघत राहिले आणि बाटलीतलं पाणी फाइलवर सांडलं. तुझ्या फोटोवर. साहेबानं ते आपल्या रुमालानं टिपून घेतलं.

मग तो म्हणाला, "कायद्यानं हे सगळं मी तुमच्याकडूनच मागू शकतो. जामीन तुम्ही आहात. पण तुमच्याकडे आहे काय? प्लास्टर. तुमचं माझ्याकडचं कर्ज म्हणजे सुटे पैसे. ही फाइल म्हणजे रक्कम आहे. भावाचा पत्ता द्या. डबा घेऊन जा, हप्ते सहा महिने पुढे ढकलतो. लिहून देतो."

मी म्हटलं, "तीन वर्षांत बोलणं नाही. कुठे आहे, मला माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. "आठवेल."

एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी जिना उतरले तर जाकीट मागोमाग आला. माझी पिशवी वर राहिली होती, ती हातात दिली. अगदी अदबीनं. आणि म्हणाला, "मावशींची तब्येत कशी आहे आता? गुडघे दुखायचे ना त्यांचे?"

मी मावशीच्या गुडघ्यांबद्दल त्याच्याशी कधी बोललेले नाही. फोन करून त्यांनी तिला बोलतं केलं असणार. तिला बोलतं करायला काय लागतं? तुला माहीतच आहे, चुकीचा नंबर लागला तरी ती त्या माणसाला जेवण झालं का विचारते.

घरी आल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, कोणाला दार उघडू नकोस. ती म्हणाली, "अगं, दार न उघडायला मी काय तुरुंगात आहे?"

मी तुझा पत्ता त्यांना दिलेला नाही. हे तुला वाचून बरं वाटावं म्हणून दोनदा लिहिते. दिलेला नाही.

ताई


शनिवार, २३ मार्च

बुटक्या,

चार कवळ्या परत मिळाल्या. आज सकाळी मी त्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवल्या आणि त्यांनी एकेक दिव्याखाली धरून पाहून "ठीक आहेत" म्हटलं. उरलेल्या तीन अजून त्या फळीवर आहेत.

कशा मिळाल्या ते सांगायच्या आधी मावशीचं सांगते, कारण ते आधी झालं.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला. खूश होती. "तुझ्या भावाचा मित्र येऊन गेला गं. एवढं जाड जाकीट घालून, घामानं निथळत होता बिचारा. मी सरबत दिलं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो त्यानं बसवून दिला. पैसे घेईना."

मी म्हटलं, "मावशी, काय विचारत होता?"

"पत्ता. दोघांचं बोलणं तुटलंय म्हणे, भेटायचंय. आता मला कुठला पाठ? ते कार्ड कपाटात आहे आणि चष्मा सापडेना. मग तोच म्हणाला, राहू द्या मावशी, मी परत येईन. सोमवारी येणार आहे. चष्मा शोधून ठेवते."

"दार उघडू नकोस."

"अगं, नळ बसवला त्यानं!"

बुटक्या, मी तिला खरं सांगितलं. सगळं, गाडीच्या कर्जापासून. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी त्याला सरबत दिलं ते...?" आणि रडायला लागली. तिला मी आयुष्यात तीनदा रडताना ऐकलंय. आता ती कडी लावून घरात बसून आहे. शेजारणीलाही कडी काढत नाही. तुरुंग म्हणाली होती, तो झाला.

सोमवारी तो परत गेला असता. नळ दुरुस्त करायचे संपले की मग काय करतात हे लोक, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. म्हणून गुरुवारी मी पुन्हा त्या गार ऑफिसात गेले.

मी म्हटलं, "पत्ता मला माहीत आहे. कागदावर लिहून देणार नाही. तुमच्या गाडीत बसून येईन आणि वळणं सांगेन. बोलायचं ते माझ्यासमोर, दिवसाउजेडी, रस्त्यावर. आणि मावशीच्या दारात तुमच्यापैकी कोणी पुन्हा जायचं नाही."

साहेबानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग हसला. "तुम्हाला जामीन राहायची सवयच लागलीय," म्हणाला.

तो उठला, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चार उचला. बाकीच्या भेट झाल्यावर."

कोणत्या चार? सात पिशव्या, सात नावं. मला वाटलं होतं, जो सगळ्यात जास्त दिवस उपाशी आहे त्याची मी आधी उचलेन. पण ज्यांनी डॉक्टरीणबाईंना पूर्ण पैसे दिलेत त्यांच्या मी उचलल्या, कारण त्या कामाचे माझे पैसे मला लगेच मिळणार होते आणि वीजबिलाची तारीख सोमवारची आहे. मुख्याध्यापिका बाई हप्त्यानं देतात. त्यांची फळीवर राहिली. हे मी तुलाच सांगतेय. साहेबाला काय कळलं असेल, कोण जाणे. जाकीटला कळलं. तो म्हणाला, "बघा, ताईंनाही माणसं निवडता येतात."

काल बाई आल्या तेव्हा मी पॉलिशचं नाव काढलं नाही. स्टूल पुढे केलं आणि सांगितलं, तुमचे दात कुठे आहेत, कोणाकडे आहेत आणि का. मला वाटलं, काठी उगारतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि एकच विचारलं, "भाऊ येईल का समोर?"

मी म्हटलं, "येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे बघतात तसं.

तर आता पुढचं. गुरुवारी, २८ तारखेला, सकाळी आठला आम्ही निघणार. जाकीट गाडी चालवेल, साहेब त्याच्या शेजारी आणि मी मागे. मी वळणं उशिरा उशिरा सांगेन, म्हणजे मी पोचेपर्यंत ते कोणाला फोन करून पुढे पाठवू शकणार नाहीत. चावीवाल्याला गाडीचा नंबर लिहून दिलाय. संध्याकाळपर्यंत माझा फोन आला नाही तर तो पोलिसांत जाईल म्हणालाय. त्याला हे सांगताना मी हसत होते, तो हसत नव्हता.

तुमच्या गोदामाची जेवणाची सुट्टी एकला होते, असं मावशीच्या कार्डावर तूच लिहिलंयस. त्या वेळी आम्ही फाटकाशी असू. मी गाडी समोरच्या बाजूला उभी करायला सांगेन, आणि आधी मी उतरेन.

हे पत्र तुला मंगळवारी, फार तर बुधवारी मिळेल. म्हणजे तुला निघून जायला वेळ आहे. तेवढा मी मुद्दाम ठेवलाय. साहेबाला गुरुवार हवा नव्हता, सोमवारच हवा होता. डॉक्टरीणबाईंचं काम आहे असं खोटं सांगून मी तो पुढे ढकलला. तू गेलास तर मी तुला दोष देणार नाही, असं लिहिणार होते. ते लिहवत नाही.

आलास तर एकटा येऊ नकोस. गोदामातली चार माणसं बरोबर घे, नुसती उभी राहू देत. कशावरही तिथल्या तिथे सही करू नकोस. हप्ता किती झेपेल ते सांग, तेवढाच सांग, आणि तो लिहून घे. साहेब हिशेबी माणूस आहे, थोडं थोडं मिळणार असेल तर तो ते घेईल असं मला वाटतं. मला तसं वाटावं लागतंय.

आणि नाही आलास, तर फाटकातून कोणीतरी येऊन सांगेल की असा माणूस इथे नाही, कालच गेला. मग मला पुन्हा त्या गाडीत, त्या दोघांबरोबर, पाच तास परत यायचं आहे.

गुरुवारी, एक वाजता.

ताई